सरकार बाद होण्याची शक्यता

मांडवगिरीच्या क्रिकेटच्या मैदानावर चार हजार माणसं बसतील एवढ्या पायऱ्या बांधल्या होत्या आणि रोज बसत होती सात. त्यातले सहा पहारेकरी. सातवा एक म्हातारा होता, त्याला घरी दुपारचं झोपू देत नसत.

राजे उदाजीराव परदेशातून बॅट घेऊन आले त्याला तीन वर्षं झाली होती. तीन वर्षं ते रोज खेळत होते आणि एकदाही बाद झाले नव्हते. प्रजेला मात्र कुस्तीपलीकडे काही सुचत नव्हतं. क्रिकेटप्रसार खातं उघडून झालं, दिवाण रघोपंतांना त्याचं प्रमुख करून झालं, जिलेबी वाटून झाली. लोकांनी जिलेबी घेतली आणि खात खात मल्हारी वस्तादांच्या आखाड्याकडे गेले.

शेवटी महाराजांनी फर्मान काढलं. आखाडा बंद. तिथली लाल माती उकरून खेळपट्टीवर टाका.

वस्तादांनी अंथरूण धरलं. ती माती त्यांच्या आजोबांपासूनची. तेल, ताक, हळद घालून घालून लोण्यासारखी केलेली. त्यांची मुलगी ठकू रोज सकाळी ती कुदळीने खालवर करायची. फर्मान ऐकल्यावर तिने कुदळ भिंतीला टेकवली आणि थेट मैदान गाठलं.

महाराज खेळत होते. ठकू पायरीवर बसून बघत राहिली. गोलंदाज मुजरा करून चेंडू हळूच घरंगळत सोडत होता, कारण सरकारांच्या अंगावर काही फेकणं हा त्या राज्यात गुन्हा होता. महाराज तो टोलवत. मग क्षेत्ररक्षक उलट्या पावलांनी चेंडूकडे निघत, कारण सरकारांकडे पाठ करणं हाही गुन्हाच. तोवर महाराजांच्या नऊ धावा काढून, घाम पुसून, सरबत पिऊन झालेलं असे. एकदा चेंडू घरंगळत जाऊन स्टंपांवर आपटला. पंच होते रघोपंत. ते आभाळाकडे बघून म्हणाले, "वाऱ्याने पडले."

खेळ थांबला तशी ठकू पुढे झाली.

"सरकार, आखाडा कशाला मोडता? लोक तिथून उठतील खरे, पण इथे यायचे नाहीत. घरी जातील."

"मग तू आण की!" महाराज तडकले. "येत्या रविवारी या सगळ्या पायऱ्या भरल्या पाहिजेत. दवंडी नाही, हुकूम नाही, जिलेबी नाही. आपल्या पायांनी आले पाहिजेत. नाही आले तर सोमवारी आखाड्याची माती इथे. आणि ती तूच वाहायची."

"चालेल. पण माझं एक मागणं आहे. रविवारी एक षटक मी टाकणार. आणि तेवढ्यापुरत्या दरबारी रीती बाजूला ठेवायच्या."

रघोपंत घाईने पुढे आले. "नको, सरकार" असं त्यांना म्हणायचं होतं. पण म्हणायचं तर कारणही सांगावं लागलं असतं. ते आले तसे मागे सरले.

"टाक," महाराज बॅट फिरवत म्हणाले. "तीन वर्षांत कुणाच्या हाती लागलो नाही, तुझ्या लागणार होय?"

ठकू तिथून नदीवर गेली. धुणं धुणाऱ्या चंद्राकाकूंच्या शेजारी उकिडवी बसली आणि हळूच म्हणाली, "काकू, कुणाला सांगू नका हं. रविवारी सरकार बाद होण्याची शक्यता आहे."

"बाद म्हणजे गं?"

"म्हणजे खेळ सोडून परत जायचं. सगळ्यांदेखत."

"अगं बाई. पालखीतून?"

"चालत."

काकूंनी उरलेलं धुणं न घासताच पिळलं आणि गावाकडे सुटल्या.

तो आठवडा ठकूने आखाड्यात तीन काठ्या रोवून काढला. कुदळ चालवून तयार झालेला खांदा तिचा. हात न वाकवता, कुदळ घालावी तसा चेंडू टाकायची. पैलवान आळीपाळीने बॅट धरत आणि आळीपाळीने काठ्या उभ्या करत.

रविवारी पायऱ्या भरल्या, कुंपण भरलं, चिंचेच्या फांद्या भरल्या. रोजच्या म्हाताऱ्याला जागा मिळाली नाही.

ठकूचा पहिला चेंडू भलतीकडेच गेला. लोक चुकचुकले. दुसरा महाराजांनी जोरात हाणला, आणि एक क्षेत्ररक्षक चक्क पाठ फिरवून धावत सुटला. सगळं मैदान उभं राहिलं. तिसरा महाराजांना दिसलाच नाही. चौथ्याने मधला स्टंप उपटून मागे नेऊन टाकला.

महाराजांनी पंचांकडे पाहिलं. रघोपंतांनी चिंचेकडे पाहिलं. पान हलत नव्हतं. मग त्यांनी चार हजार माणसांकडे पाहिलं. त्यांचं बोट दुसऱ्या कुणाचं तरी असावं तसं हळूहळू वर गेलं.

महाराज चालत परतले. लोकांनी फेटे उडवले, शिट्ट्या मारल्या. तो गोंगाट संपेपर्यंत महाराजांचा चेहरा लालबुंद झाला होता.

"ठकू, मी तुला क्रिकेट बघायला माणसं आणायला सांगितली होती. ही तर मला पडताना बघायला आली."

"हो, सरकार."

"वर हो म्हणतेस? याला काय खेळाची आवड म्हणायची?"

"सरकार, ज्यात कुणीही पडू शकतो, त्याला आम्ही खेळ म्हणतो. तीन वर्षं इथे कुणी पडतच नव्हतं. लोकांना वाटलं, दरबार भरलाय. आणि दरबाराला बोलावल्याशिवाय कोण येतं?"

रघोपंतांनी डोळे मिटून घेतले. महाराज असे हसत सुटले की त्यांना पायरीवर बसावं लागलं. हसता हसताच त्यांनी आखाडा वस्तादांच्या घराण्याला कायमचा दिला आणि क्रिकेटप्रसार खातं ठकूच्या स्वाधीन केलं. मग बॅट रघोपंतांच्या हातात ठेवली.

"पंत, आता तुम्ही. पोरीचे दोन चेंडू उरलेत."

पायऱ्यांवरचा एकही माणूस हलला नाही.