न पाहिलेली जीभ

फार पूर्वीची, नद्यांना अजून पूल ठाऊक नव्हते त्या काळची ही गोष्ट आहे. एका रुंद नदीच्या काठी एक वैद्य राहत असे. नाडीवर बोटे ठेवण्यापूर्वी तो प्रत्येक रुग्णाला म्हणे, “जीभ दाखव.” रुग्ण खोटे बोलतो, आप्त वाढवून सांगतात, जीभ मात्र काही लपवीत नाही, असे त्याचे मत होते. शिष्यांना तो आणखी एक गोष्ट बजावीत असे: वेदना हा देहाने पाठवलेला निरोप आहे; तो ऐकावा, दडपू नये.

वाचकहो, त्याची ही दोन वचने ध्यानात ठेवा. त्याच्या स्वतःच्या ध्यानात ती राहिली नाहीत.

एकदा त्याने एका सरदाराचा जुनाट ज्वर उतरवला. सरदाराने कृतज्ञतेने त्याला एक घोडी दिली. तांबूस अंगाची, काळ्या आयाळीची ती घोडी फार देखणी होती. वैद्याने आजवर शेळीसुद्धा पाळली नव्हती. तरीही तो तिच्यावर बसून नदीपलीकडच्या गावांना जाऊ लागला, आणि तिच्यावर त्याचा जीवही जडला.

घोडीला एक खोड होती. नदीच्या उतारावर, जिथून लोक पायी नदी ओलांडत, तिथे ती थांबे. मान खाली घालून वाळू हुंगे. कधी लगेच पुढे निघे. कधी फुरफुरून मागे सरे आणि शंभर पावले वरच्या अंगाने जाऊन मग पाण्यात शिरे. वैद्याचा लगाम तिला रोखू शकत नसे. पलीकडे वाट पाहणारे लोक हसत.

“वैद्यबुवा, आज घोडीने लवकर परवानगी दिली वाटतं!” एक जण म्हणे.

“अरे, औषधसुद्धा तीच विचारून देत असेल,” दुसरा म्हणे.

वैद्य त्यांच्यासमवेत हसे. पण ते हसणे त्याच्या मनाला लागे.

त्याच सुमारास गावात एक चाबुकस्वार आला. घोडे शिकवणे हा त्याचा व्यवसाय. त्याच्या बोलण्यात मध होता आणि दंडात बळ होते. त्याने घोडीभोवती एक फेरी घातली आणि मान हलवली.

“वैद्यराज, जनावर उत्तम आहे, पण हट्टाने भरलेलं आहे. हट्ट तेवढा काढून टाकू. चाळीस दिवसांत ही थांबणार नाही, फुरफुरणार नाही, कान मागे पाडणार नाही.”

“मी शिकवण पाहायला येऊ ना?” वैद्याने विचारले.

“येऊ नका. घोडा एका वेळी दोन धनी ओळखत नाही. आणि लगाम मीच चढवीन, मीच उतरवीन. तुम्ही तिच्या तोंडाला हात लावू नका. चावली तर नाडी कोणत्या बोटांनी पाहाल?”

वैद्याला हे बोलणे विचारपूर्वक वाटले. वैद्याने घोडीसाठी बांधलेल्या गोठ्याशेजारीच चाबुकस्वार राहू लागला.

चाळीस दिवसांनी घोडी बाहेर आली, तेव्हा सारा गाव पाहायला लोटला. टाच लागली की ती चाले आणि लगाम ओढला की उभी राही. ढोल वाजला, कुत्री अंगावर आली, तरी तिचे कान पुढेच रोखलेले राहिले. उतारावर ती क्षणभरही न थांबता पाण्यात शिरली. पलीकडचे लोक हसायचे विसरले. गावातील घोडेवाल्यांनी आपापले घोडे त्याच चाबुकस्वाराच्या हाती सोपवले.

“दाणा मात्र फार हळू खाते,” वैद्य एकदा म्हणाला.

“शिकलेला घोडा अधाशीपणा करीत नाही, वैद्यराज.”

एखाद्या रुग्णाविषयी कोणी असे सांगितले असते, तर वैद्याने त्याला तत्काळ तोंड उघडायला लावले असते. इथे त्याने समाधानाने मान डोलावली.

पलीकडच्या गावातील एक वृद्ध कुंभारीण रोज गाढवावर मडकी लादून नदी ओलांडीत असे. तिने एकदा वैद्याला वाटेत गाठले.

“वैद्यबुवा, तुमची घोडी आता खिंकाळत नाही.”

“शिकली ती, आजी.”

“शिकली की भ्याली? माझं गाढव थांबलं की मीही थांबते. त्याला चार पाय, मला दोन. जमीन कुणाला जास्त कळणार?”

“मग तुझ्या गाढवालाच गुरू कर,” वैद्य म्हणाला आणि हसत पुढे गेला.

काही दिवस लोटले. वरच्या खोऱ्यात पूर येऊन ओसरला आणि नदीने उतारावर नवी, गुळगुळीत वाळू पसरली. त्या सकाळी कुंभारीण गाढवासह धापा टाकीत वैद्याच्या दारी आली.

“वैद्यबुवा, चला. लेक कालपासून अडली आहे. सुईणीने हात टेकले. मी खालून मोठा वळसा घालून आले, पण जाताना तेवढा वेळ नाही.”

वैद्याने औषधांची पिशवी उचलली. चाबुकस्वाराने लगाम चढवला. दोघे उतारावर पोहोचले, तेव्हा गाढवाने नवी वाळू हुंगली आणि चारही पाय रोवले.

“वरच्या अंगाने जाऊ या,” कुंभारीण म्हणाली.

“तुझी लेक तिकडे तळमळते आहे, आणि तू गाढवाचा सल्ला घेतेस? माझी घोडी थांबत नाही.”

“त्याचीच भीती वाटते.”

वैद्याने टाच मारली. घोडीच्या खांद्यावरची कातडी एकदा थरथरली, वारा लागल्यावर पाणी थरथरते तशी. तेवढाच नकार तिच्यापाशी उरला होता. मग तिने पाऊल टाकले. तिसऱ्या पावलाला ती गुडघ्यापर्यंत रुतली, पाचव्याला पोटापर्यंत.

कुंभारणीने मडकी बांधायचा दोर फेकला. गाढवाने ओढून वैद्याला घट्ट जमिनीवर आणले. मग तोच दोर घोडीच्या गळ्यात घालून दोन्ही माणसे आणि ते गाढव हात सोलेपर्यंत, खूर घसरेपर्यंत ओढत राहिली. घोडी तसूभरही हलली नाही. वैद्याने मोठ्याने हाका मारल्या. दोन्ही तीर निर्मनुष्य होते.

तिला श्वास तरी मोकळा घेता यावा म्हणून वैद्य दोर कमरेला बांधून वाळूवर पालथा पडला, सरपटत तिच्यापाशी गेला आणि त्याने लगाम उतरवला. तोंडातील लोखंडी कडी त्याच्या हातात आली. कडीच्या आतल्या अंगाला बारीक काटे होते. घोडीचे तोंड उघडे राहिले, आणि वैद्याने तिची जीभ प्रथमच पाहिली. तिच्यावर जुने व्रण होते, त्यांवर नवे व्रण होते, आणि एका कडेला ती चिरून दुभंगली होती.

हजारो जिभा पाहिलेल्या त्या वैद्याने आपल्या गोठ्यातली ही एक जीभ कधी पाहिली नव्हती.

“ओरड,” तो तिला म्हणाला. “ओरड ग बाई. कोणीतरी येईल.”

घोडीने त्याच्याकडे पाहिले आणि शिकवल्याप्रमाणे कान पुढे केले.

“वैद्यबुवा,” मागून कुंभारीण म्हणाली, “तिकडे माझी लेक...”

लगाम घेऊन वैद्य मागे सरकला. गाढवाने दाखवलेल्या वाटेने त्यांनी नदी ओलांडली. गावातली माणसे शेतावर गेली होती; घोडीकडे धाडायला कोणी नव्हते. दुपारपर्यंत मूल जन्मले; आई आणि बाळ दोघेही वाचली. त्यानंतर क्षणभरही न थांबता वैद्य माणसे, फळ्या आणि दोर घेऊन नदीवर धावला.

वाळू गुळगुळीत होती. तिच्यावर एक ओरखडाही नव्हता.

वळणापलीकडे काही कोळी जाळी सुकवीत होते. वैद्याने त्यांना विचारले, “तुम्ही केव्हापासून इथे आहात?”

“सकाळपासून. तुम्ही पलीकडे चढलात आणि आम्ही आलो. का हो?”

“घोडीचं खिंकाळणं ऐकलं नाही?”

“एकदाही नाही. ऐकलं असतं तर गेलो नसतो का? आम्ही दहा जण होतो. फळ्या होत्या, होड्या होत्या.”

वैद्य घरी परतला. चाबुकस्वार अंगणात दुसऱ्या एका घोड्याला लगाम चढवीत होता. सारे ऐकल्यावर त्याने शांतपणे विचारले, “उतारावर ती थांबली का?”

“नाही.”

“ओरडली का?”

“नाही.”

“मग माझ्या शिकवणीत उणे काय राहिले? तुम्ही मागितले तेच मी दिले.”

ते खरे आहे, हे वैद्याला उमगले. त्याने काट्यांची कडी हातात घेतली आणि तो चौकात जाऊन उभा राहिला. “घोडीचा घात याने केला,” तो लोकांना म्हणाला, “आणि याच्या हाती तिला देऊन, एकदाही तिचे तोंड न पाहता, मी केला. ज्यांनी आपले घोडे याला दिले, त्यांनी ही कडी स्वतःच्या बोटाने चाचपावी आणि घरी जाऊन घोड्याची जीभ पाहावी.”

एकेक जण पुढे आला, कडी चाचपून घरी गेला. सायंकाळी ते सारे वैद्याच्या अंगणात जमले, तेव्हा चाबुकस्वार गाव सोडून गेला होता.

वैद्याने पुन्हा घोडा घेतला नाही. उरलेले आयुष्य तो कुंभारणीच्या गाढवामागून पायी नदी ओलांडीत राहिला. गाढव थांबले की तोही थांबे. पलीकडचे लोक पाहत; पण पुन्हा कोणी हसले नाही.

तात्पर्य: भीती घालून ज्याचा नकार आपण मोडतो, तो संकटात आपल्याला सावध करू शकत नाही आणि स्वतःसाठी हाकही मारू शकत नाही.