बेचाळीस थरांची भिंत

एकदा, फार लांबच्या मुलखात नव्हे, आपल्या कोल्हापुरातच, एका पेठेच्या तालमीत हिंदुराव नावाचे एक वृद्ध वस्ताद होते. तालीम म्हटली की परगावच्या माणसाला तांबडी माती आणि कुस्ती एवढंच दिसतं. कोल्हापूरची तालीम फुटबॉलही खेळते, आणि अशा ईर्षेनं खेळते की सामन्याच्या दिवशी सख्खे साडू एकमेकांना ओळख दाखवत नाहीत! वस्तादांनी तीन पिढ्यांना चेंडू कसा मारावा हे शिकवलं होतं. आता वय ऐंशीच्या पुढे गेलेलं, गुडघे संपावर गेलेले, पण जीभ अजून मैदानात उतरायला तयार असे.

या तालमीत एक विलक्षण रिवाज होता. युरोपातले अव्वल क्लब वर्षभर एकमेकांशी झुंजतात आणि शेवटी त्यांतला एक विजेता ठरतो, त्या स्पर्धेवर सगळ्या पेठेचा जीव. अंतिम सामन्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी तालमीची मागची भिंत विजेत्या क्लबच्या रंगात रंगवायची. रंगवायची कुणी? ज्यांचा क्लब जिंकला नाही त्यांनी. जिंकलेल्यांनी समोरच्या कट्ट्यावर बसून चहा प्यायचा आणि "ए, तो कोपरा राहिला बघ" असं म्हणत बोटं दाखवायची. १९७७ साली, रेडिओला कान लावून निकाल ऐकायच्या काळात, वस्तादांनीच ही प्रथा सुरू केली होती.

वस्तादांचा सर्वांत लाडका शिष्य जयसिंग. स्वतः उत्तम खेळला, गुडघा गेल्यावर तालमीच्या संघाचा कोच झाला. माणूस हुशार, कष्टाळू, फक्त एक खोड. स्पेनच्या क्लबांवर त्याची इतकी भक्ती की दुसऱ्या देशात फुटबॉल खेळतात हेच त्याला मान्य नसे. आणि दैवही असं, की २०१४ पासून ओळीनं पाच वर्षं तिकडचेच क्लब जिंकत गेले. त्यांतली शेवटची तीन वर्षं तर एकाच क्लबनं जिंकली, त्यामुळे भिंतीवर पांढऱ्यावर पांढरा चढला. पाच वर्षांत जयसिंगनं ब्रश हातात धरला नाही. माणसाला चहाची सवय लागते तशी कट्ट्याचीही लागते.

ब्रश धरायचा तो दस्तगीर. तालमीचा गोलकीपर, जयसिंगचा लंगोटीयार, लोखंडी गेट आणि ग्रिल बनवण्याचं त्याचं दुकान. बाप बादशहाभाई लिव्हरपूलचा, म्हणून हाही लिव्हरपूलचा. २०१८ च्या अंतिम सामन्यात नेमकं लिव्हरपूल हरलं, आणि तेही गोलकीपरच्या हातून दोन ढोबळ चुका झाल्यावर. रविवारी सकाळी दस्तगीर डोळ्यांत रात्रीचं जागरण घेऊन मुकाट्यानं शिडीवर चढला. खाली जयसिंग कट्ट्यावर.

"काय दस्तगीर," तो पोरासोरांसमोर मोठ्यानं म्हणाला, "तुझा तिकडचा गोलकीपर आणि तू, एकाच साच्यातले की रं! दोघं बी चाळण!"

पोरं हसली. त्याच वर्षी कोल्हापुरातल्या स्पर्धेच्या उपांत्य फेरीत दस्तगीरच्या पायांमधून एक चेंडू गेला होता आणि तालीम हरली होती. ही गोष्ट पेठेत सगळ्यांना माहीत होती, बोललं मात्र कुणीच नव्हतं. दस्तगीर शिडीवरून उतरला. ब्रश डब्यावर आडवा ठेवला, हात पुसले आणि चालता झाला. अर्धी भिंत तशीच राहिली. ती दुसऱ्या कुणीतरी पुरी केली.

त्यानंतर तो तालमीची पायरी चढला नाही. पावसाळा सरला, दसरा आला, खेळाडूंच्या नोंदणीचे दिवस आले. कोल्हापुरात एकदा का ज्या तालमीच्या नावानं सही केली, तिच्याकडूनच पुढचा सगळा हंगाम खेळावं लागतं. बातमी आली की पलीकडच्या पेठेनं दस्तगीरला बोलावलंय आणि परवा, शेवटच्या दिवशी, तो त्यांच्यासाठी सही करणार.

जयसिंगला पहिला विचार आला तो हाच: पंचवीस वर्षं ज्याच्या भरवशावर पाठ फिरवून पुढे धावलो, तो आता समोरच्या गोलमध्ये उभा राहणार! पण अहंकाराची एक तऱ्हाच असते. माफी मागायला जिथं दहा पावलं लागतात तिथं तो माणसाला गावाला वळसा घालायला लावतो. जयसिंगनं दस्तगीरच्या दुकानाची वाट धरायची सोडून मेहुण्याच्या दुकानातून पांढऱ्या फरश्यांचे खोके आणले आणि वस्तादांपुढे ठेवले.

"वस्ताद, दरवर्षीचं हे रंगरंगोटीचं झेंगट नको आता. भिंतीला कायमच्या पांढऱ्या फरश्या बसवू. जिंकणारे कोण हे जगाला कळून चुकलंय. भांडणाचं मूळच जाऊ दे."

वस्ताद चिडतील असं पोरांना वाटलं. वस्तादांनी खोक्यातली एक फरशी काढली, बोटानं वाजवून पाहिली.

"माल चांगला हाय," ते म्हणाले. "बसव की."

"बसवू?" जयसिंगलाच धक्का बसला.

"तर! पण रंगावर फरशी धरत न्हाई. आधी खरवडाय पायजे. उद्या सकाळी ये, खरवडायची पत्री घेऊन. एकटाच ये."

दुसऱ्या दिवशी वस्ताद आधीच हजर. हातात कोळशाचा तुकडा. भिंतीच्या ऐन मध्यावर त्यांनी हातभर लांबी-रुंदीचा एक चौकोन आखला आणि म्हणाले, "एवढंच खरवड. आणि हळू. एकेक थर सुटा काढायचा, मोजत."

"एवढ्याशा तुकड्यानं काय होणार, वस्ताद? भिंत केवढी!"

"तुला सांगितलं तेवढं कर."

म्हातारपणी डोकं जरा सरकलं असावं, असं जयसिंगला वाटलं. तरी शिष्य तो शिष्य. त्यानं पत्री लावली. पांढरा थर निघाला. त्याखाली पांढरा, पुन्हा पांढरा; जयसिंग गालात हसला. मग बार्सिलोनाचा निळा-तांबडा, मग आणखी एक पांढरा. पाच झाले. सहाव्याला बायर्नचा लाल लागला आणि स्पेनची सलग ओळ तुटली.

"कुठं गेलं रं तुझं कायमचं?" वस्तादांनी खुर्चीतून विचारलं. "चल, मोज पुढं."

चेल्सीचा निळा निघाला. इंटरचा काळा-निळा निघाला. मिलानचा तांबडा-काळा तर पुनःपुन्हा निघू लागला. एके काळी इटलीच्या क्लबांपुढे उभं राहायची कुणाची छाती नव्हती, हे जयसिंगनं फक्त ऐकलं होतं, आता ते त्याच्या नखात अडकत होतं. पोर्तुगालचा पोर्टो आला, डॉर्टमुंडचा पिवळाधमक आला, हॉलंडचा आयॅक्स आला. रुमानियाचा आणि युगोस्लाव्हियाचाही क्लब एकेकदा येऊन गेला होता. त्यांतला एक देश तर आता नकाशावरही नाही. उन्हं चढली. जयसिंगचं हसू केव्हाच मावळलं होतं, आता त्याला नुसतं कुतूहल उरलं होतं.

छत्तिसाव्या थराखाली पत्री अडखळली. आखलेल्या चौकोनाच्या चारही कोपऱ्यांत एकेक भोक होतं, पुट्टीनं बुजवलेलं.

"हे काय, वस्ताद?"

"खिळ्यांची भोकं. आता असं कर, तिकडं पाण्याच्या टाकीवरचं झाकण हाय न्हवं, ते काढ आणि उलटं कर."

त्या टाकीचं पाणी जयसिंग लहानपणापासून पीत आला होता. तो जाड लोखंडी पत्रा हजार वेळा त्याच्या हाताखालून गेला असेल. त्यानं तो उलटा केला. खालच्या अंगाला फिका, गंजानं खाल्लेला लाल रंग होता आणि चार कोपऱ्यांत चार भोकं.

वस्तादांनी त्याला शेजारी बसवलं.

"ब्याऐंशी सालची गोष्ट. सलग सहा वर्षं इंग्लंडचेच क्लब जिंकले होते. पाच वेळा भिंत लाल, सहाव्या वेळी वांगी रंगाची. इंग्लंडचा कुठलाही क्लब बादशहा आपलाच मानायचा, म्हणून त्या सहा वर्षांत त्यानं ब्रश धरला न्हाई. शेवटी हा पत्रा घेऊन माझ्यापुढं आला, 'वस्ताद, हा कायमचा ठोकतो,' म्हणाला. मी म्हणालो, ठोक की. पुढच्या वर्षी जिंकलं जर्मनीचं हॅम्बुर्ग. पत्रा काढायची पाळी आली. सगळी पेठ गोळा झाली होती तमाशा बघाय. त्याच्याच हातानं त्याला खिळे उपटायचे होते. मान वर होत नव्हती गड्याची."

"मग?"

"सहा वर्षं ज्यानं ही भिंत रंगवली होती, बादशहाची टवाळी ऐकत रंगवली होती, तो पुढं झाला. त्याची तर बोलायची पाळी होती. तोंडातून शब्द काढला न्हाई त्यानं. बादशहा चढला तशी शिडी धरली. पत्रा खाली आल्यावर म्हणाला, 'जाड हाय, टाकीला झाकण होईल.' बस्स, विषय संपला. पुढं मरेपर्यंत दोघं एका ताटात जेवले."

"कोण होता तो?"

"तुझा बाप."

जयसिंगच्या मांडीवर रंगाचे पापुद्रे पडले होते. त्यांतला, चौकोनाच्या कडेवरून सगळ्या थरांसकट सुटलेला एक त्यानं उचलला. कडेनं पाहिलं तर बारीक बारीक रेघा, एकीखाली एक, सगळ्या राजवटी चिमटीत मावत होत्या.

"बाळा," वस्ताद म्हणाले, "वरचा रंग बदलणारच. चिरकाल गादीवर बसावं असं भाग्य कुणाच्या कपाळी लिहिलेलं न्हाई, क्लबच्या बी न्हाई आणि देशाच्या बी न्हाई. त्याचं दुःख नको आणि माज बी नको. पण मला सांग, ही भिंत एवढी जाड झाली ती कुणाच्या हातानं? कट्ट्यावर बसून चहा पिणाऱ्यांनी तिला बोट लावलेलं न्हाई. हरलेल्यांनी, मन मोठं करून, दुसऱ्याचा रंग आपल्या हातानं लावला. त्या माणसाचा मान राखायचा असतो, जयसिंगा. तोच निघून गेला तर तू जिंकलास हे लिहिणार कोण?"

थोडं थांबून त्यांनी खोक्याकडे बोट दाखवलं. "आता बसव फरश्या. मी आडवा येत न्हाई."

जयसिंग उठला. फरश्यांकडे त्यानं पाहिलंही नाही. तो पत्रा बगलेत मारला आणि भर उन्हात दस्तगीरच्या दुकानाकडे निघाला.

दस्तगीर वेल्डिंग करत होता. त्यानं डोळ्यांवरची काच वर केली, जयसिंगला पाहिलं आणि पुन्हा खाली केली.

"दस्तगीर, मी चुकलो," जयसिंग दारातूनच म्हणाला. गल्लीतली चार माणसं बघत होती, तरी म्हणाला. "चारचौघांत बोललो, म्हणून चारचौघांतच सांगतोय. तो चेंडू तुझ्या पायांतून गेला, त्याच्या आधी माझ्या शिकवलेल्या चार बचावपटूंच्या पायांतून गेला होता. मी ते कधी बोललो न्हाई."

दस्तगीरनं वेल्डिंग थांबवलं. त्याची नजर जयसिंगच्या बगलेतल्या पत्र्यावर गेली.

"टाकीचं झाकण घेऊन कुठं फिरायलास, लेका?"

जयसिंगनं पत्रा उलटा करून त्याच्या हातात दिला आणि ऐकलेली सगळी हकीकत जशीच्या तशी सांगितली. दस्तगीर बापाच्या हातच्या त्या लाल रंगावरून अंगठा फिरवत राहिला. त्याचे डोळे भरून आले; वेल्डिंगचा धूर, असं तो म्हणाला.

"कड गंजलीय," शेवटी तो म्हणाला. "आजची रात ठेव हितं. नवी पट्टी मारून देतो. नोंदणीला येताना घेऊन येतो."

"कुठल्या नोंदणीला?"

"आपल्या! दुसरी कुठली? पलीकडचे चहा लई पातळ करतात."

पांढऱ्या फरश्या पाण्याच्या टाकीला बसल्या. तिथं त्या शोभल्याही. भिंतीवरचा तो हातभर चौकोन मात्र वस्तादांनी बुजवू दिला नाही.

पुढच्या वर्षी अंतिम सामन्यात स्पेनचा एकही क्लब नव्हता. दोन्ही इंग्लंडचेच, आणि जिंकलं लिव्हरपूल. रविवारी सकाळी सहा वर्षांत पहिल्यांदा जयसिंग लाल रंगाचा डबा घेऊन शिडीवर चढला. कट्ट्यावर दस्तगीर, मांडीवर मांडी टाकून, हातात चहा. सगळी पोरं त्याच्या तोंडाकडे बघत होती, की आता हा वर्षभराचं उट्टं कसं काढतो.

"ए कोच," दस्तगीर ओरडला, "वरचा कोपरा राहिला!"

जयसिंग हसला आणि कोपऱ्याकडे वाकला. शिडी किंचित हलली. दस्तगीरनं चहा अर्धा टाकून दिला, उठला आणि दोन्ही हातांनी शिडी धरली.

वस्तादांनी खुर्चीत डोळे मिटून घेतले. त्रेचाळिसावा थर चढत होता.