पाचवा हात

"नुसता हात लावला तर चालेल का, बाबा?"

कोंडाजीबाबांनी मान वर केली नाही. विटांच्या ढिगावर बसून ते थापीवरचा वाळलेला चुना खरवडत होते.

"कशाला?"

"तळीला."

मग शांतवनने सगळं सांगितलं. पुतण्याचं लग्न पार पडलं होतं. उद्या थोरल्या भावाच्या घरी खंडोबाची तळी उचलायची होती. त्या ताटाला पाच पुरुषांचे हात लागतात आणि भावकीत पुरुष उरले होते चार. पाचवा शांतवन. त्याने बाप्तिस्मा घेतला त्याला सहा वर्षं झाली. इतके दिवस कोणी फारसं बोललं नव्हतं. काल मात्र सगळे ओट्यावर बसून एका तोंडाने बोलले. पाचवा हात दे, नाहीतर तुझ्या करुणाच्या मांडवात आमच्यातलं कुत्रंही फिरकणार नाही.

करुणा त्याची लेक. तिचं लग्न महिन्यावर आलं होतं.

"हात ताटाला, मन येशूकडे," शांतवन म्हणाला. "देव मन बघतो. तुम्हीच शिकवलंत."

"शिकवलं खरं."

बाबांनी त्याला दोन गोष्टी शिकवल्या होत्या, पवित्र शास्त्र आणि गवंडीकाम. दुसरीत आपण गुरूच्याही पुढे गेलो, असं शांतवन स्वतःच चारचौघांत सांगत असे. समोर प्रार्थनामंदिराची भिंत त्याच्याच हातची होती. सकाळपासून छातीएवढी वर आली होती.

"भिंत सरळ आहे?" बाबांनी विचारलं.

"शांतवनची भिंत कशी असते, पाच गावांत विचारा."

"गावांना कशाला? ओळंब्याला विचारू."

बाबांनी पिशवीतून ओळंबा काढून त्याच्या हातात दिला. शांतवनने लाकडी गट्टू भिंतीच्या माथ्याला टेकवला आणि दोरी सोडली. माळावरून वारं आलं. खाली पितळी वजन डोलू लागलं. कुठलाही गवंडी थांबतो तसा शांतवन थांबला.

"थांबतोस काय? एक बोट लाव त्याला."

"वजनाला?"

"नुसतं टेकव. मन सरळ ठेव, म्हणजे झालं."

शांतवन हसला. म्हातारा आता थकला, असं त्याच्या मनात येऊन गेलं.

"बोट लावलं की ओळंबा भिंतीचं सांगत नाही, बाबा. बोटाचं सांगतो. पहिल्या आठवड्यात याच चुकीला तुम्ही माझ्या बोटांवर थापीचा दांडा हाणला होता."

"हाणला होता. विसरलास की काय, म्हटलं."

शांतवनच्या तोंडावरचं हसू गेलं…

वजन डोलत होतं. मग कमी डोललं. मग थांबलं. वरपासून खालपर्यंत दोरी आणि भिंत यांच्यातलं अंतर सारखंच राहिलं. भिंत सरळ होती.

शांतवनने ओळंबा वर ओढून घेतला.

"भावाला काय सांगू?"

"आहे ते सांग. हात देणार नाही म्हण. मग कंबर बांध आणि त्याच्या घरी पाणी भर, सरपण फोड, पंगतीत वाढ. शिव्या घातल्या तरी वाढ. भाऊ आहे तो."

शांतवनने मान हलवली. दोरी गुंडाळता गुंडाळता त्याचे हात मध्येच थांबले. आवाज खाली आला.

"आणि करुणाच्या मांडवात खरंच कोणी आलं नाही तर…?"

बाबा गुडघ्यावर हात टेकून उठले. थापी पिशवीत टाकली. ओळंबा मात्र त्यांनी परत मागितला नाही.

"मांडवाच्या मेढी रोवायला मी येईन," ते म्हणाले. "ओळंबा तू आण."