साडेचार तासांचा तक्ता

"पण सर, माझ्या आकड्यामुळे कोणी बुडालं असेल तर?"

गोसावी सर ओसरीवर भुईमुगाच्या शेंगा फोडत बसले होते. त्यांनी मान वर केली नाही.

"कुठला आकडा?"

"साडेचार तास."

श्रीरंग लिमये आता विद्यापीठात उपयोजित गणिताचा विभागप्रमुख होता. तीस वर्षांपूर्वी तो सरांच्याच हाताखाली शिकला होता. त्याचं नाव झालं ते पुराच्या गणितामुळे. धरणाचे दरवाजे उघडले की कोणत्या गावात किती वेळाने पाणी पोचेल, याचा तक्ता त्याने नऊ वर्षांपूर्वी करून दिला होता. निवृत्तीनंतर सर ज्या नदीकाठच्या वाडीत राहायला आले, तिच्या नावासमोर त्या तक्त्यात लिहिलं होतं : साडेचार तास.

"आणि खरे किती?"

"तीन. त्याहूनही थोडे कमीच."

सरांच्या बोटांत शेंग फुटली. दाणे सुपात पडले.

"चुकलं कुठे?"

"अंतर मी नदीच्या वळणांवरून मोजलं. नकाशावर दोरा ठेवून." श्रीरंग थांबला. "पण पूर वळणं घेत नाही, सर. तो शेतांवरून सरळ येतो."

"हे कोणी सांगितलं?"

"परवा वर्गात एका मुलीने विचारलं. म्हणाली, सर, पुराचं पाणी एवढा वळसा कशाला घालेल?"

"तू काय म्हणालास?"





"खाली बस म्हणालो. सगळा वर्ग हसला. मग घरी जाऊन पुन्हा मांडलं. तिचं बरोबर होतं."

"धरणाच्या कार्यालयाला कळवलंस?"

"लगेच. फोन केला, पत्रही दिलं. तो तक्ता आता कोणी वापरणार नाही."

"मग झालं की. एवढ्या लांब कशाला आलास?"

श्रीरंगने चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"नऊ वर्षांत दोन मोठे पूर आले, सर. दोन्ही वेळा मी परदेशात होतो. परत आल्यावर कधी चौकशी केली नाही. माझं गणित बरोबरच आहे, मग विचारायचं कशाला, असं वाटायचं. आणि आता... विचारायची हिंमत होत नाही."

सरांनी सूप त्याच्यापुढे सरकवलं.

"फोड."

विभागप्रमुख शेंगा फोडू लागला. निम्मे दाणे बाहेर पडत होते.

सरांनी कुंपणापलीकडे हाक मारली. "हौसाक्का! जरा येता का?"

शेजारच्या हौसाक्का पदराला हात पुसत आल्या. सत्तरी ओलांडलेली बाई, पण चाल ताठ.

"काय वो मास्तर?"

"देवळात तो पुराचा कागद लावलाय ना, त्याचं विचारतायत हे."

"त्यो साडेचार तासांचा व्हय?" हौसाक्का हसल्या. "ज्यानं लिवलाय त्यानं नदी कागदावरच बघितली असणार बघा."

श्रीरंगच्या हातातली शेंग तशीच राहिली.

"का हो?" सरांनी भोळ्या चेहऱ्याने विचारलं.

"आता का काय? पूर काय नदीच्या वाटंनं येतोय? त्यो मळ्यामळ्यातनं आडवा येतोय. माझ्या सासूनं दावलं हुतं मला. दरवाजं उघडल्याचा फोन आला की आमी जेवती ताटं सोडून उठतो. म्हशी फुडं, माणसं मागनं, सगळी टेकावर."

श्रीरंगने ती शेंग सुपात ठेवली.

"आणि त्या दोन पुरांत... किती माणसं गेली?"

"माणसं?"

हौसाक्कांनी त्याच्याकडे निरखून पाहिलं.

"एक कोंबडी गेली. ती बी पुरानं नेली का वाडीतल्या दगडूनं खाल्ली, देवाला ठावं."

श्रीरंगने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. आधी हसल्यासारखा आवाज आला, मग रडल्यासारखा. खांदे हलत राहिले.

हौसाक्का घाबरल्या. "आगं बया! मास्तर, ह्यांची हुती का कोंबडी?"

"नाही. कागद त्यांचा होता."

हौसाक्कांनी पदर तोंडाला लावला. मग हळूच श्रीरंगच्या पाठीवर हात ठेवला.

"असूं द्या सायेब. कागदाचं काय एवढं! ह्या मास्तरांस्नी तर मनगाट धरून वडत न्यावं लागलं मागच्या पुरात. कागद हातात घिऊन हितंच बसलेलं. अजून लई वेळ हाय म्हणत हुतं. बसा, च्या टाकते."

त्या सरांच्या स्वयंपाकघरात गेल्या. कुंपणावर एक चिमणी येऊन बसली, उडून गेली.

श्रीरंगने रुमालाने डोळे पुसले. छातीवरचं ओझं उतरल्यासारखा त्याने मोठा श्वास घेतला. परवापासून असा श्वास त्याने घेतला नव्हता.

मग त्याला काहीतरी आठवलं.

"सर... मागच्या पुरात तुम्ही टेकडीवरून पाहिलं असेल. पाणी तीन तासांत आलं, हे तुम्हाला तेव्हाच कळलं असेल."

"कळलं."

"मग?"

सर सुपाबाहेर पडलेले दाणे एकेक करून वेचू लागले.

"तुझा तक्ता मीच तपासला होता, श्रीरंग. खाली सही माझी आहे."

"हो..."

"म्हणून मी म्हटलं, हौसाक्कांचं घड्याळ मागे पडलं असेल."

दोघं एकमेकांकडे पाहत राहिले. आधी कोण हसलं ते सांगता येणार नाही. आतून हौसाक्कांनी विचारलं, साखर किती? कोणालाच उत्तर देता आलं नाही.

चहा आला. श्रीरंगने बशीत ओतून, फुंकर मारून, शेवटच्या थेंबापर्यंत प्यायला. मग कप खाली ठेवला.

"आता मी काय करू, सर?"

"वर्ग कधी आहे?"

"उद्या. सकाळी दहाला."

"ती मुलगी कुठे बसते?"

"अगदी मागे. खिडकीपाशी."

"तिला फळ्याशी बोलव. खडू तिच्या हातात दे."

"आणि मी?"

सरांनी मूठभर दाणे उचलून त्याच्या ओंजळीत घातले.

"खिडकीपाशी जागा रिकामी झालेली असेल."