खाण वाढवावी

तांबडगडावर मंदी अशी आली, की तांब्याला गिऱ्हाईकच उरलं नाही आणि लोक उपाशी निजू लागले. शेजारच्या बादशहाने हीच वेळ साधली. पडत्या काळात दुसऱ्याच्या खाणी स्वस्तात गिळायच्या, हा त्याचा जुना डाव. त्याने पाचशे गाड्या धान्य आणि एक तोरेबाज वकील धाडला.

वकिलाने करारनामा स्वतःच मराठीत लिहून आणला होता: 'धान्य मिळताच राणीने खाण वाढवावी. पुढे निघेल ते सगळं तांबं बादशहाचं.'

राणीचे चिटणीस विसाजीपंत वकिलाला अदबीने म्हणाले, "हुजूर, 'वाढवावी' हा शब्द बदलू या का?"

"मला भाषा शिकवता? एक अक्षर बदलायचं नाही!"

पंतांनी मुकाट शिक्का उठवला. दरबार हादरला.

धान्य घरोघर पोचलं. आठवड्याने वकील तांबं न्यायला आला, तर खाणीच्या तोंडावर दगडी भिंत!

"हे... हे काय?"

"तुमचाच शब्द पाळला," पंत म्हणाले. "आमच्याकडे दुकान 'बंद' करत नाहीत, 'वाढवतात'. तशीच खाण वाढवली."

पंतांनी वकिलाच्या हातात नारळ ठेवला.

"आणि हा नारळ. याचा अर्थ तरी वाटेत कुणाला विचारून घ्या."