नावाड्याचा हात

फार वर्षांपूर्वी नदीकाठच्या एका गावात शाळेतल्या मुलांना हस्तकला शिकवणाऱ्या एक तरुण बाई होत्या.

बाई त्याच गावच्या. लहानपणी मामाबरोबर दूरच्या नगरात शिकायला गेल्या आणि परत आल्या त्या एक भली मोठी पेटी घेऊन. पेटीत रंगांच्या वड्या होत्या, जाड-बारीक कुंचले होते, निळे-तांबडे कागद होते. तोवर तिथल्या मुलांना पाटीपलीकडे काही ठाऊक नव्हतं. शाळेमागची पडकी खोली बाईंनी स्वतः सारवली, भिंतींना चुना दिला आणि गावच्या कुंभारआजोबांकडून मळलेली माती आणवली. मुलं एकदा त्या खोलीत शिरली की घरी जायचं नाव घेत नसत.

गावच्या पंचांना हे पटेना. चिखलच कालवायचा तर घरोघरी अंगण आहे की, असं ते म्हणत. शेवटी त्यांनी ठरवलं, की सुगीनंतर परगण्याचे कारभारी गावात येतील तेव्हा त्यांनी मुलांची कामं पाहावीत. त्यांना आवडली तर खोली मुलांची. नाहीतर तिथे धान्याची पोती रचायची. बाईंनी ते मान्य केलं, पण मनातून त्या धास्तावल्या.

मुलं कामाला लागली. कुणी बैल केला, कुणी चूल केली, एकानं तर गावच्या हलवायाचा पुतळाच केला, पोटासकट. त्या मुलांत शेवंती नावाची नऊ वर्षांची मुलगी होती. तिचे वडील नावाडी. आदल्या साली पुरात वाहून चाललेली नाव धरायला गेले, ते परत आले नाहीत. तेव्हापासून तिची आई घराबाहेर पडत नसे आणि कुणाशी फारसं बोलतही नसे.

शेवंतीच्या मनात एक भीती होती. बाईंना ती फार उशिरा कळली, पण ऐकणाऱ्यांनी ती आधीच ऐकलेली बरी. बाबांचा चेहरा तिला आठवेनासा झाला होता. नाक आठवलं तर डोळे निसटायचे. त्या काळी गरिबाच्या घरी कुणाचं चित्र नसायचं. पण बाबांचा उजवा हात तिला पक्का आठवत होता, कारण रोज निजताना तोच तिच्या डोक्यावर असायचा. तळव्याला वल्ह्यानं पडलेले घट्टे आणि करंगळीच्या जागी नुसता खुंट. करंगळी फार पूर्वी नावेच्या दोरात सापडून तुटली होती. तोही हात निसटून जायच्या आत मातीत करून ठेवावा आणि आईला दाखवावा, असं तिनं ठरवलं होतं.

ती हात घडवत असताना शेजारी बसलेल्या मुलानं तिला चिडवलं, "करंगळी कुठंय गं? उंदरानं नेली?" मुलं हसली. शेवंतीही थोडी हसली. उंदरानं नाही, दोरानं नेली, असं म्हणून ती ओल्या बोटानं खुंट गुळगुळीत करत राहिली. बाई तेव्हा खोलीच्या दुसऱ्या टोकाला रंग कालवत होत्या. हसणं त्यांच्या कानावर आलं. पोरं कशाला हसतात ते न विचारता त्यांनी सगळ्यांना गप्प बसवलं.

मग सुगीची सुट्टी लागली आणि मुलं शेतावर गेली. दुसऱ्या दिवशी कुंभारआजोबा मातीची कामं न्यायला येणार होते. आपल्या पडवीत सुकवून ती सगळी ते भट्टीत भाजणार होते. त्याआधी बाई एकट्याच खोलीत बसल्या आणि एकेक वस्तू कारभाऱ्यांच्या नजरेनं पाहू लागल्या. बैलाचं एक शिंग वर, एक खाली. चूल कललेली. पंच काय काय बोलतील ते त्यांना आत्ताच ऐकू येऊ लागलं. बाईंनी पदर खोचला. शिंगं सारखी केली, चूल सरळ केली, हलवायाचं पोट आत ढकललं.

शेवटी त्यांनी ओल्या फडक्यात गुंडाळलेला शेवंतीचा मातीचा हात उघडला आणि त्या थबकल्या. एवढं चांगलं काम त्या खोलीत दुसरं नव्हतं. तळव्यावर आपला हात ठेवावा असं वाटत होतं. फक्त करंगळी नव्हती. मोडली असेल आणि पोरीनं घाबरून ती जागा घासून टाकली असेल, असं बाईंना वाटलं. त्यांनी मातीची वळी केली, खुंटावर ओरखडे काढून पातळ चिखल लावला आणि करंगळी बसवली. तिला नाजूक नखही काढलं.

तेवढ्यात कुंभारआजोबा टोपली घेऊन आले. त्यांचं लक्ष हाताकडे गेलं आणि ही करंगळी कुणाची, असं त्यांनी विचारलं. राहून गेली होती म्हणून मीच लावली, असं बाई म्हणाल्या.

"पोरीला विचारलंत?"

बाईंना हसू आलं. "त्यात विचारायचं काय, आजोबा? हाताला पाच बोटं असतात."

"असतात खरी. पण पोरगी इथंच तर राहते, घाटावर. तुम्ही जाऊन या, मी बसतो तोवर. माती ओली आहे तोवर ऐकते, बाई. भाजल्यावर नाही ऐकत."

बाईंनी खिडकीतून पाहिलं. नावाड्याचं झोपडं तिथून दिसत होतं. जाऊन यायला फार तर अर्धी घटका लागली असती. पण अजून तोरणं कापायची होती, कागदाच्या चिमण्या रंगवायच्या होत्या. आणि खरं सांगायचं तर, आपण केलेली करंगळी त्यांना फार आवडली होती. न्या तुम्ही, पोरीला आनंदच होईल, असं म्हणून त्यांनी हात टोपलीत ठेवला.

कारभारी आले. त्यांनी सगळं फिरून पाहिलं आणि तोंडभर कौतुक केलं. भाजून तांबूस झालेला तो हात तर त्यांनी मधल्या चौरंगावर ठेवायला लावला. खोली मुलांचीच राहील, शिवाय दरसाल रंग आणि कागद सरकारातून येतील, असं त्यांनी जाहीर केलं. पंचांनीही माना डोलावल्या. बाईंचे पाय जमिनीवर ठरेनात.

शेवंती जरा उशिरा आली. आईला घेऊन आली होती. वर्षभरात पहिल्यांदाच तिची आई चार माणसांत आली होती. तुला ओळखीचं काहीतरी दाखवते, एवढंच शेवंतीनं तिला वाटेत सांगितलं होतं. गर्दीतून वाट काढत तिनं आईला चौरंगापाशी नेलं. आईचा चेहरा कसा होतो ते बघायला ती वर बघत राहिली. स्वतः तिनं हाताकडे पाहिलंच नाही.

आईनं वाकून हात नीट पाहिला.

"छान झालाय गं," ती म्हणाली. "कुणाचा आहे?"

शेवंतीनं मान वळवली आणि पाहिलं. दोन पावलांवर बाई उभ्या होत्या, हसत. शेवंती रडली नाही.

"कुणाचा नाही," ती म्हणाली. "असाच केलाय."

आणि आईचं बोट धरून ती निघून गेली.

हिला काय झालं, असं बाईंनी विचारलं तेव्हा ज्या मुलानं तिला चिडवलं होतं तोच खाली मान घालून म्हणाला, "बाई, तिच्या बाबांना करंगळी नव्हती. दोरानं गेली होती."

दुसऱ्या दिवशी सकाळीच बाई ओल्या मातीचा गोळा घेऊन घाटावर गेल्या. त्यांनी शेवंतीची माफी मागितली. हवा तितका वेळ घे, मी इथंच बसते, पण पुन्हा कर, असं विनवलं. शेवंतीनं गोळा मांडीवर घेतला आणि डोळे मिटले. नदीवरून दोन नावा गेल्या तरी ती तशीच बसून होती. मग तिनं डोळे उघडले.

"बाई, आता डोळे मिटले की तोच दिसतो. पाच बोटांचा."

तिनं गोळा बाईंच्या हातात परत दिला.

पुढं बाईंनी त्या खोलीत पुष्कळ वर्षं शिकवलं. मुलांमधून फिरताना त्या आपले हात पाठीमागे धरून ठेवत. प्रत्येकाजवळ थांबून काय केलंयस ते मला सांग, असं म्हणत आणि मूल सांगेल ते शेवटपर्यंत ऐकून घेत. शेवंती शाळेत येत राहिली. वाचायला शिकली, गणितात हुशार निघाली. हस्तकलेच्या तासाला मात्र ती खिडकीशी गप्प बसून असायची आणि बाई तिला काही विचारू शकत नसत.

तात्पर्य एवढंच: मुलानं घडवलेलं काही अपुरं वाटलं, तर ते पुरं करण्याआधी त्याला विचारावं. जे आपल्याला राहून गेलेलं दिसतं, तेच कदाचित त्यानं सर्वांत जपून केलेलं असतं.