कारल्याची खीर निवडून आली

भुजंगा निवडून आला आणि पाटवाडीच्या खालच्या शेतांचं पाणी बंद झालं!

भुजंगा म्हणजे नवा पाटकरी. पाटाचं पाणी कुणाच्या शेतात कधी सोडायचं, हे पाटकऱ्याने ठरवायचं. वीरधवल राजाने यंदा नवी रीत काढली होती. उमेदवारामागे एक घडा, माणसामागे एक सुपारी. ज्याच्या घड्यात सर्वांत जास्त सुपाऱ्या, तो पाटकरी. या रितीवर राजा भलताच खूश होता. पाच जण उभे राहिले. त्यांतले चौघे भले होते, आणि भली माणसं एकमेकांसाठी माघार घेत नाहीत. गावाच्या सुपाऱ्या त्या चौघांत वाटल्या गेल्या. भुजंगाच्या आळीने मात्र सगळ्या त्याच्याच घड्यात टाकल्या. झालं!

राजाच्या मुदपाकखान्यात भाजी चिरणाऱ्या हौसाचं वांग्यांचं शेत पाटाच्या अगदी शेवटाला होतं, आणि भुजंगा पाणी आपल्या आळीच्या शेतांपुढे जाऊच देईना. झाडं वाळायला लागली, तशी ती विळी बाजूला ठेवून थेट दरबारात गेली.

"महाराज, शंभरातल्या सत्तर जणांना भुजंगा नको आहे!"

"मोजणीत खोट आहे?"

"नाही, महाराज."

"मग माझी रीत चुकली म्हणतेस?" राजाच्या मिशा थरथरल्या. "ठीक आहे! माझ्या वाढदिवसाच्या पंगतीपर्यंत ते माझ्याच तोंडून वदवून घे. नाही जमलं, तर भुजंगा जन्मभर पाटकरी!"

"जमेल की," हौसा म्हणाली. "फक्त पंगतीचं पक्वान्नही याच रितीने ठरू द्या."

राजाला त्यात काही वावगं दिसेना.

चार घडे लगेच ठरले. श्रीखंड, बासुंदी, पुरणपोळी, जिलबी. पाचव्यासाठी हौसा मुद्दाम राजवैद्यांकडे गेली. त्यांच्याकडे पदार्थ तयारच होता: कारल्याची खीर, पित्तावर उत्तम. दरबाऱ्यांनी आपापल्या आवडीप्रमाणे सुपाऱ्या टाकल्या. वैद्यबुवांच्या शिष्यांनी एकदा गुरूंकडे पाहिलं आणि ओळीने पाचव्या घड्यात टाकल्या.

पंगत बसली. राजघराण्याचा रिवाज असा, की पहिला घास राजाने घ्यायचा आणि पानात काही टाकायचं नाही. राजासमोर हिरवी खीर आली. वर केशर होतं, बदाम होते. राजाने घास घेतला. सगळे त्याच्या तोंडाकडे बघत राहिले. बऱ्याच वेळाने राजाने तो गिळला.

"हे कुणाला हवं होतं?"

"सर्वांत जास्त लोकांना, महाराज," हौसा अदबीने म्हणाली. "मोजणी चोख आहे. आणखी वाढू?"

"थांब! बाकीच्यांना काय हवं होतं?"

"कुणाला श्रीखंड, कुणाला जिलबी. ते चार घड्यांत फुटले आणि कारलं पुढे गेलं."

"पण कारलं तर बहुतेकांना नकोच होतं!"

"ते कुणी विचारलंच नाही, महाराज. काय हवं ते सांगायला घडा आहे. काही झालं तरी काय नको, ते सांगायला घडाच नाही!"

राजाने वाटीकडे पाहिलं. ती अजून भरलेली होती.

"चुकली माझी रीत," तो म्हणाला. "आता उपाय सांग. लवकर!"

"निम्म्याहून जास्त सुपाऱ्या कुणालाच नसतील, तर सर्वांत जास्त भरलेले दोनच घडे ठेवा आणि सगळ्यांना पुन्हा टाकू द्या."

तिथल्या तिथे खीर आणि पुरणपोळी असे दोन घडे पंगतीत फिरले. खिरीच्या घड्यात एकच सुपारी पडली, वैद्यबुवांची. शिष्यांनी तोवर खीर चाखली होती.

दुसऱ्या दिवशी पाटवाडीतही दोनच घडे मांडले. भुजंगाला त्याच्या आळीच्या तेवढ्या सुपाऱ्या मिळाल्या. बाकी साऱ्या गावाने दुसरा घडा भरला, आणि दुपारपर्यंत वांग्यांना पाणी पोचलं.

"बक्षीस माग, हौसा!" राजा म्हणाला. "या नव्या रितीत तर काही खोट नाही ना?"

"झकास रीत आहे, महाराज. मला एक विहीर खणून द्या."

"विहीर? अगं, पाटाला पाणी आलं की!"

"आलंय, महाराज. पण पुढच्या वर्षी पुन्हा निवडणूक आहे!"

राजा पोट धरून हसला, आणि त्याच संध्याकाळी हौसाच्या शेतात विहिरीसाठी पहिली कुदळ पडली.